दोन ऑक्टोबरला तुम्ही कुठे होता?

(मंडळाच्या मासिक भेटीत थ्रिलर सिनेमांवर केलेलं भाषण. छापायला देताना थोडी काटछाट केली आहे, आणि शेवटी थोडी भरही घातली आहे.)



आधी एक खुलासा करतो. मी काही सिनेमाचा समीक्षक नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. बँकांच्या सिस्टिम्स मध्यरात्री का बंद पडल्या हे शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणजे गुन्हा, पुरावा, संशयित आणि "मी काहीच बदललेलं नाही हो" असं शपथेवर सांगणारी माणसं, यांच्याशी माझी रोजचीच गाठ! आपल्या सचिवांचा फोन आला, "तू नाहीतरी दर जेवणावळीत थ्रिलरवर बोलून लोकांचं डोकं खातोस, एकदा माइकवर खा." म्हणून उभा आहे. वीस मिनिटं दिली आहेत. मागे सामोसे तळायला घेतलेत असं वासावरून कळतंय, तेव्हा माझी स्पर्धा कोणाशी आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

दुसरा खुलासा. मी शेवट फोडणार आहे. ज्यांनी 'दृश्यम' अजून पाहिला नसेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन सामोसे खावेत. कोणी उठत नाही? ठीक.

२०१४ च्या जानेवारीत मी नोकरीसाठी इथं आलो. शारजात अल नाहदाला एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण राहायचो, त्यातले चार मल्याळी. रोज सकाळी अल इत्तिहाद रोडवर दीड तास, संध्याकाळी दीड तास, आणि शुक्रवारी कपडे धुणं. असं आयुष्य चाललेलं असताना एका गुरुवारी रात्री चौघांनी मला उचलून मोहनलालच्या नव्या सिनेमाला नेलं. मल्याळममध्ये मला तेव्हा दोनच शब्द येत होते, 'चेट्टा' आणि 'चोरू', म्हणजे दादा आणि भात. पडद्याच्या तळाशी पाट्या होत्या, पण मी एक पाटी वाचून होईपर्यंत दुसरी निघून जायची. शेवटी पाट्यांचा नाद सोडला आणि माणसांची तोंडं बघत बसलो. आज वाटतं, बरं झालं. संवाद कळत नसले की अभिनय फार स्पष्ट दिसतो.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. चौथी नापास केबलवाला, बायको, दोन मुली. मोठीचा चोरून व्हिडिओ काढून एक मुलगा तिला धमकावायला घरी येतो, झटापटीत तो मरतो, आणि तो निघतो पोलीस खात्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईंचा मुलगा. केबलवाला सबंध कुटुंबाला वाचवायचं ठरवतो. तेही कशाच्या बळावर? तर आयुष्यभर पाहिलेल्या सिनेमांच्या!

आता गंमत बघा. खून कोणी केला, हे आपल्याला माहीत. का केला, माहीत. प्रेत कोणी पुरलं, माहीत. गाडी कुठं बुडवली, तेही माहीत. रहस्यकथा ज्या ज्या गोष्टी शेवटच्या पानापर्यंत पदराखाली झाकून ठेवते, त्या सगळ्या जीतू जोसेफ नावाचा हा दिग्दर्शक मध्यंतराच्या आसपासच आपल्यासमोर मांडून मोकळा होतो. आणि तरी त्या रात्री थिएटरमध्ये मध्यंतराला कोणी पॉपकॉर्न आणायला उठेना! माझ्या शेजारच्या चेट्टाने माझं मनगट धरून ठेवलं होतं, सिनेमा संपल्यावर ते लाल झालेलं दिसलं.

हिचकॉकने हे फार पूर्वी समजावून सांगितलं आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे, आणि प्रेक्षकाला ते माहीत नाही, तर बॉम्ब फुटल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तेच प्रेक्षकाला आधी दाखवलं, तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. तत्त्व सगळ्यांना पाठ आहे, वापरतो कोण? आपल्याकडच्या निम्म्या थ्रिलरवाल्यांना वाटतं की प्रेक्षकापासून जितकं लपवू तितका सिनेमा पकड घेईल. मग शेवटी कोणीतरी खुर्चीत बसून वीस मिनिटं खुलासा करतो आणि आपण घड्याळ बघतो. धक्का हा उसना माल असतो, एकदाच चालतो. 'दृश्यम' मी पाच वेळा पाहिलाय आणि पाचही वेळा पोटात गोळा आला आहे.

याच कारणासाठी त्याचा २०२१ मधला दुसरा भाग मला तितका भिडला नाही. हुशारी पहिल्यापेक्षा जास्त आहे. पण तिथं नायकाची सगळी तयारी आपल्यापासूनही लपवून ठेवली आहे आणि शेवटी ती एकदम उलगडली आहे. पहिल्या भागात आपण त्याचे साथीदार होतो, दुसऱ्यात नुसते टाळ्या वाजवणारे. हे माझं मत हं, आमच्या घरात ते एकट्याचंच आहे.

तर, साथीदार. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपण साथीदार कसे होतो? सिनेमाच्या पहिल्या भागात फारसं काही घडत नाही अशी तक्रार पुष्कळांनी केली. नायक कवडीचुंबक आहे, बायको कुरकुर करते, धाकटी हट्ट करते, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गप्पा, पोलिसाशी किरकोळ खटका. पण त्या पाऊण तासात दिग्दर्शक आपल्याला त्या घरात जेवायला वाढतो. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरावर पोलीस आले की आपण आपोआप दाराआड उभे राहतो. पुढचा सगळा ताण या आधीच्या संथपणाच्या ठेवीवरचं व्याज आहे.

आणि मग ती युक्ती. इथं माझ्यातला इंजिनिअर खुर्चीतून उठून उभाच राहिला. आमच्या धंद्यात प्रत्येक घटनेची नोंद होते, तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात, काय घडलं आणि केव्हा घडलं. 'काय' खोटं करायला फार कष्ट पडतात, कारण दहा ठिकाणी त्याचे धागे असतात. 'केव्हा' खोटं करायला नुसतं मशीनचं घड्याळ सरकवलं की काम झालं. चौथी नापास केबलवाल्याने नेमकं हेच केलं. कुटुंबाची सहल खरी, बसचा कंडक्टर खरा, हॉटेलातला मुक्काम खरा, पाहिलेला सिनेमा खरा. फक्त ती सहल घटनेनंतरची. मग पुन्हा त्याच माणसांना भेटून बोलता बोलता आधीची तारीख त्यांच्या कानात टाकायची. माणसाला पाहिलेलं लक्षात राहतं, तारीख राहत नाही. साक्षीदार पोलिसांसमोर खोटं बोलतच नाहीत! ते अगदी प्रामाणिकपणे चुकीचं सांगतात. डेटा खरा, टाइमस्टॅम्प खोटा. माझी पाच वर्षं इंजिनिअरिंगमध्ये गेली (चारच्या जागी पाच, कारणं विचारू नका), पण हे इतकं सोपं करून मला कोणी शिकवलं नव्हतं.

पण युक्ती कागदावर असते. पडद्यावर ती जिवंत करतात नटमंडळी, आणि गुन्हेपटातला अभिनय हा मला नेहमीच्या अभिनयापेक्षा एक पायरी अवघड वाटतो. नेहमीच्या सिनेमात नट दुःखी माणसाचं काम करतो. इथं नट अशा माणसाचं काम करतो, जो स्वतःच काम करतोय. केबलवाला पोलिसांसमोर अभिनय करतोय. पोलिसाला तो खरा वाटायला हवा, आणि त्याच वेळी आपल्याला, साथीदारांना, त्याखालची धडधड दिसायला हवी. एकाच चेहऱ्याचे दोन प्रेक्षक! जरा जास्त केलं तर पोलीस मूर्ख वाटतात, जरा कमी केलं तर नायक दगड वाटतो.

मोहनलालने हे कसं केलं ते शब्दांत पकडणं कठीण आहे. त्याचा चेहरा जवळजवळ काहीच करत नाही. पण चौकशीच्या वेळी त्याचे खांदे किंचित पुढे येतात, गरीब माणूस साहेबासमोर उभा राहतो तसे, आणि ते खरंही असतं आणि नाटकही. आयजी गीता प्रभाकर झालेल्या आशा शरत या तर आपल्या दुबईकर, इथं नृत्य शिकवणाऱ्या. नृत्य शिकलेल्या माणसाला आपलं शरीर कुठं थांबवायचं ते कळतं. वर्दी घालून त्या ताठ उभ्या राहतात, आणि मुलाचं कळल्यावर तोच ताठपणा आधाराच्या काठीसारखा वाटायला लागतो. त्यातला मारकुटा शिपाई सहदेवन म्हणजे कलाभवन शाजोन, हा एरवीचा विनोदी नट. रूममेट सांगत होते, याला बघून आम्ही हसायचो. त्या रात्री थिएटरातला एकही माणूस त्याला हसला नाही.

२०१५ मध्ये आपल्या निशिकांत कामतने हाच सिनेमा हिंदीत केला आणि गोव्यात नेऊन बसवला. साळगावकर, देशमुख, गायतोंडे, नावं ऐकूनच आपल्याला घरी आल्यासारखं होतं. त्याचा 'डोंबिवली फास्ट' २००५ सालचा. त्यात माधव आपटे या बँकेतल्या माणसाचं डोकं एका दिवशी फिरतं, आणि संदीप कुलकर्णीने ते फिरणं असं दाखवलं की कल्याण लोकलमधल्या प्रत्येक माणसाला बाजूच्याची भीती वाटावी. साध्या माणसाच्या आत काय काय दडलेलं असतं, हा कामतचा विषयच होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो गेला, पन्नाशी नुकतीच गाठली होती.

हिंदी 'दृश्यम'मधला अजय देवगण मला जरा जास्तच शांत वाटतो. तो घाबरलाय असं कधी वाटतच नाही, आणि नायक घाबरला नाही तर मी का घाबरू? पण कमलेश सावंतचा गायतोंडे! लहान हुद्द्याचा, लहान मनाचा माणूस, आणि हातात अधिकार. तो धाकट्या मुलीवर हात उचलतो तेव्हा तो ओरडून भयानक होत नाही. कंटाळलेला वाटतो. रोजचंच काम उरकतोय असा. असा पोलीस आपण कुठंतरी पाहिलेला आहे, निदान ऐकलेला आहे. खलनायक पुस्तकातला वाटला की आपण सुटतो, ओळखीचा वाटला की अडकतो.

हीच गोष्ट सदाशिव अमरापूरकरांनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य'मध्ये केली होती. गोविंद निहलानींचा सिनेमा, पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. ओम पुरीने रागाने आतल्या आत जळणारा वेलणकर जो उभा केला, त्याच्यासमोर रामा शेट्टीला मोजकेच प्रसंग आहेत. मराठी रंगभूमीवरून आलेला हा नगरचा माणूस त्यात आवाजसुद्धा चढवत नाही. कारण त्याला काही लपवायचंच नाही, सगळं गाव त्याच्या खिशात! बाकी सगळ्या सिनेमांत गुन्हेगार अभिनय करत असतो, इथं तो एकटाच निवांत आहे आणि अभिनय करण्याची पाळी पोलिसावर आली आहे. असो, 'अर्धसत्य'वर वेगळं भाषण लागेल.

आता जरा उलट बाजू. माझी आजी 'पाठलाग'ची भक्त. राजा परांजपे यांचा १९६४ चा सिनेमा, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. दोनच वर्षांत राज खोसलांनी त्याचा हिंदीत 'मेरा साया' केला. आजीकडून गोष्ट आधी ऐकली आणि मग सिनेमा पाहिला, म्हणजे पुन्हा शेवट आधीच माहीत! वकील असलेल्या काशिनाथ घाणेकरची बायको वारलेली आहे. आणि दरोडेखोरांच्या टोळीत पकडलेली एक बाई, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, कोर्टात उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको. घरातल्या, फक्त दोघांनाच ठाऊक असलेल्या खुणा सांगते. आणि ती खरंच बायको असते.

भावना या नटीने त्यात कमाल केली आहे, आणि ती शेवट माहीत असल्यावरच कळते. ती पहिल्यापासून खरं बोलतेय, पण ती खोटी असावी अशी शंका आपल्याला येत राहिली पाहिजे. 'दृश्यम'च्या बरोबर उलट! तिथं खोटं बोलणारा खरा वाटायला हवा, इथं खरं बोलणारी खोटी. आजी म्हणायची, "खरं बोलणाऱ्याची जीभ अडखळते रे, खोटं बोलणाऱ्याचं पाठ असतं." ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१८ चा 'अंधाधुन' तर अख्खा अभिनय करणाऱ्या माणसांवरच उभा आहे. श्रीराम राघवनचा सिनेमा, पुण्यात चित्रित झालेला. दिसत असून आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक, नवऱ्याचं प्रेत जमिनीवर पडलेलं असताना दार उघडणारी बायको. तो पियानो वाजवतोय, मागे ती आणि तिचा मित्र प्रेत हलवताहेत, आणि एक शब्द कोणी बोलत नाही. त्याला सगळं दिसतंय. दिसतंय हे फक्त आपल्याला माहीत आहे. आयुष्मान खुरानाला तिथं डोळ्यांत काहीही येऊ न देता घाबरायचं आहे. डोळे हे नटाचं मुख्य हत्यार, तेच काढून घेतलं! मग त्याने ते बोटांवर आणि मानेवर नेलं. आणि तब्बू. 'दृश्यम'मध्ये खोटं ओढून काढणारी, इथं खोटं बोलणारी. बाई तीच, नजर तीच, फक्त दिशा बदलली की अंगावर काटा.

नट नसलेल्यांचाही एक थ्रिलर मी पाहिलाय, आणि तो आपल्याच गावातला. जानेवारी २०१० मध्ये दुबईत विमानतळाजवळच्या हॉटेलात हमासच्या एका पुढाऱ्याचा खून झाला. कोणी केला, का केला, त्या राजकारणात मला शिरायचं नाही, आपण इथं पाहुणे आहोत. पण फेब्रुवारीत दुबई पोलिसांनी कॅमेऱ्यांची चित्रणं एकापुढे एक जोडून जगासमोर ठेवली. तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलवर होतो, आम्ही वीस-पंचवीस पोरं टीव्हीसमोर गप्प झालो होतो. कॅमेऱ्यांना आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही, कोणाचा चेहरा जवळून दिसत नाही. लिफ्टमधून एक माणूस बाहेर पडतो, त्याच्या मागून टेनिसचे कपडे घातलेले, हातात रॅकेट घेतलेले दोघं, रमतगमत. तो कुठल्या खोलीत जातो एवढंच त्यांना बघायचं आहे. शेवट आपल्याला माहीत आहे, त्या चालणाऱ्या माणसाला नाही. हिचकॉकचं टेबल आणि हिचकॉकचा बॉम्ब! मोठमोठ्या पार्श्वसंगीताने आपल्याला घाबरवू पाहणाऱ्या दिग्दर्शकांना हे चित्रण दाखवायला हवं.

बरं, आता सामोसे झाले आहेत असं दिसतंय. एक घरची गोष्ट सांगतो आणि बसतो.

२०१९ चा सप्टेंबर. मी दर शुक्रवारी सकाळी पुण्याला फोन करायचो, बोटिमवर, जेवढं जमेल तेवढं चेहरा दाखवून. गणपतीच्या दिवसांत दोन शुक्रवार बाबा फोनवर आले नाहीत. एकदा झोपलेले, एकदा देवळात. दादाला विचारलं, "बाबा कसे आहेत?" तर तो म्हणाला, "एकदम मस्त, कालच फिरायला गेलो, दोन किलोमीटर चालले, जेवणही नीट, औषधं वेळेवर." मी एवढं विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सहा वर्षांचा पुतण्या तर मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "आजोबा झोपलेत!" 'दृश्यम'मध्येही शेवटी धाकटीच फुटते.

वहिनी मात्र उत्तम नटी. तिने बाबांचं नावच काढलं नाही. "तू पाठवलेल्या खजुरात अळ्या निघाल्या, परत त्या दुकानातून आणू नकोस," म्हणून मला झापलं. घरात काही झालं असेल तर कोणी खजुरावरून भांडेल का? माझा संशय तिथंच अर्धा मावळला. लपवणाऱ्या माणसाने धीर द्यायचा नसतो, नेहमीसारखं वैतागायचं असतं, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. वर तिने एक फोटोही पाठवला. बाबा डायनिंग टेबलाशी पोहे खातायत. "आज सकाळचा."

तारीख १३ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. फोटो बघून मी निर्धास्त झालो. रात्री झोपायच्या आधी पुन्हा बघितला, असाच. बाबांच्या डोक्यामागे भिंतीवर कालनिर्णय होतं. जुलै महिन्याचं पान. आता आमचे बाबा म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला, चहाच्याही आधी, पान उलटणारा माणूस. माझ्या आयुष्यात ते पान कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. पोहे खरे, बाबा खरे, भिंत खरी. टाइमस्टॅम्प खोटा.

दादाला फोन लावला आणि काहीही प्रस्तावना न करता विचारलं, "कधी झालं?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग जीभ अडखळत म्हणाला, "बायपास. आठ दिवस झाले. बरे आहेत." आजीची ओळ आठवली, आणि अडखळला म्हणून विश्वास बसला.

त्यानंतर मी 'दृश्यम' पुन्हा पाहिला तेव्हा सिनेमा बदललेला होता. शेवटी त्या मुलाचे आईवडील, आता वर्दीशिवाय, पाण्याच्या काठी केबलवाल्याला भेटतात आणि विचारतात. शिक्षेसाठी नाही, आमचा मुलगा परत येणार आहे की नाही एवढंच कळावं म्हणून. हिंदीत रजत कपूर तो बाप करतो, अगदी हळू आवाजात, माफी मागत. पहिल्या चार वेळा मी त्या प्रसंगातही केबलवाल्याकडे बघत होतो, हा आता फसतो का म्हणून. पाचव्यांदा मी त्या बापाकडे बघत होतो. ज्याला सांगितलं जात नाही तो कसा उभा राहतो ते मला ठाऊक झालं होतं. आपण इतका वेळ ज्याला साथ दिली, त्याने या माणसाचं काय केलंय, हे दिग्दर्शकाने शेवटपर्यंत हातचं राखून ठेवलेलं नाही. ते पहिल्यापासून तिथंच होतं, मीच बघत नव्हतो. प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली आहे हा शेवटचा धक्का त्यापुढे मला किरकोळ वाटतो.

त्या दिवशी मंडळात मी इथं थांबलो, टाळ्या झाल्या आणि आपण सगळे सामोशांकडे गेलो. पण गोष्ट तिथं संपत नाही. छापायला देताना उरलेली लिहितोय.

मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर दादा म्हणाला होता, "तुझा नवा प्रोजेक्ट सुरू झालाय म्हणालास ना. बाबांनीच शपथ घातली. म्हणाले, त्याची रजा वाया घालवू नका." नवा प्रोजेक्ट! ऑगस्टमध्येच माझ्या तेव्हाच्या कंपनीने मला नोटीस दिली होती, ऑफिसला येऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि महिनाअखेर व्हिसा रद्द व्हायचा होता. मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून एका मॉलच्या फूड कोर्टात लॅपटॉप उघडून बसायचो, अर्ज पाठवायचो. मधल्या वारी घरून फोन आलाच तर "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणायचो. बायकोला माहीत होतं, बाकी कोणाला नाही. तेही पुण्यात अभिनय करत होते, मीही इथं करत होतो. दोन्हीकडची पात्रं एकमेकांवर खूश!

मी पुण्याला पोचलो तेव्हा बाबा घरी आले होते. छातीशी उशी घट्ट धरून बसले होते, खोकला आला की टाके ओढतात म्हणून. कालनिर्णयावर सप्टेंबर लागलेला होता. मला बघून त्यांनी आधी दादाकडे रागाने बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "रजा मिळाली का रे?"

"मिळाली," मी म्हणालो. अजिबात न अडखळता.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि पुतण्याला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये मला दुसरी नोकरी लागली, विषय पुन्हा निघाला नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. तसं असेल तर आमच्या घरातला सगळ्यात मोठा नट वहिनी नव्हे.

हा अंक दर दिवाळीला मी पुण्याला पाठवतो. बाबा तो अध्यक्षांच्या मनोगतापासून शेवटच्या पानावरच्या सोन्याच्या जाहिरातीपर्यंत एकही ओळ न सोडता वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका मला फोनवर सांगतात. तेव्हा बाबा, रजा मिळाली नव्हती. नोकरीच नव्हती.